हात ताल देतो तेव्हा कान काय ऐकतो? हालचाल, रियाज आणि ऐकणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐकायचं काम कानाचं. त्यात हातापायांचा संबंध येतोच कुठे?

कान आवाज आत घेतो. हवेतली कंपनं पडद्यावर आदळतात, तीन चिमुकल्या हाडांमधून आतल्या शंखाकृती नळीत पोहोचतात आणि तिथल्या केसपेशी त्यांचे विद्युत संदेश करून मेंदूकडे धाडतात. पण हा ठेका दोनाचा की तीनाचा, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे आली, शेवटचा ठोका किंचित उशिरा पडला का, यातलं काहीही त्या नळीत ठरत नाही. ते मेंदूत ठरतं आणि ठरवताना मेंदू हालचालीचं खातंही कामाला लावतो.

केंब्रिजमध्ये जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट यांनी 2007 मध्ये एमआरआय यंत्रात लोकांना वेगवेगळ्या लयी ऐकवल्या. ज्या लयीत ठोका स्पष्ट जाणवत होता, त्या ऐकताना मेंदूच्या खोल भागातला बेसल गँगलिया आणि हालचालीची आखणी करणारे भाग जास्त काम करत होते. पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या जॉयस चेन, व्हर्जिनिया पेन्ह्यून आणि रॉबर्ट झटोर यांनी दाखवलं, की 'नुसतं ऐका' एवढंच सांगितलेल्या आणि अजिबात न हललेल्या माणसातही हेच घडतं. म्हणजे तुम्ही खुर्चीत स्वस्थ बसला असाल, तरी मेंदू आतल्या आत पाय आपटतच असतो.

मेंदूला हा उपद्व्याप करायची गरज काय?

पुढचा ठोका कधी पडणार हे आधी कळावं म्हणून. कान फक्त झालेली गोष्ट सांगू शकतो. पुढची गोष्ट सांगायची तर कुणीतरी अंदाज बांधावा लागतो, आणि हालचालीची यंत्रणा त्यात मुरलेली असते, कारण पाऊल टाकायचं तर जमीन कधी लागेल याचा हिशेब आधीच लागतो. दोरीवरच्या उड्यांत फिरत्या दोरीत शिरणारी मुलगी शिरण्याआधी जागच्या जागी झुलते ना, तसलाच हा प्रकार. अनिरुद्ध पटेल आणि जॉन आयव्हर्सन यांनी 2014 मध्ये हा विचार नीट मांडला : ठोका जाणवणं म्हणजे हालचालीच्या यंत्रणेनं प्रत्यक्ष न हलता केलेली रंगीत तालीम.

याचा एक पुरावा कुणालाही घरी दिसेल. मेट्रोनोम (ठरावीक वेगानं टिकटिक करणारं यंत्र किंवा ॲप) लावा, त्याच्याबरोबर बोट आपटा आणि ते रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर बघा. बहुतेकांचं बोट टिकच्या काही मिलिसेकंद आधी पडतं. आवाज ऐकून मग बोट हलवलं असतं तर ते नेहमी मागे राहिलं असतं. वाजवण्याची सवय असलेल्यांमध्ये ही घाई कमी आढळते.

हालचालीमुळे ऐकणं बदलतं हे खरंच कुणी तपासलंय, की नुसती समजूत आहे?

तपासलंय, आणि तेही बाळांवर. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग हाच.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांना एक लय ऐकवली. सहा मात्रांची, पण कुठल्याच मात्रेवर जोर नसलेली. अशी लय दोन-दोनच्या तीन गटांतही ऐकता येते आणि तीन-तीनच्या दोन गटांतही. आपल्या भाषेत सांगायचं तर ती दादऱ्यासारखी तीन अधिक तीन आहे की नाही, हे आवाजात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती वाजत असताना अर्ध्या बाळांना कडेवर घेऊन दर दुसऱ्या मात्रेला उडवलं, अर्ध्यांना दर तिसऱ्या मात्रेला. मग त्याच लयीचे जोर दिलेले दोन नमुने ऐकवले, एक दोनाचा, एक तीनाचा. ज्या बाळाला जसं उडवलं होतं, तसा जोर असलेला नमुना ते बाळ जास्त वेळ ऐकत राहिलं. दोन्ही गटांच्या कानांवर पडलेला आवाज तंतोतंत एकच होता, फरक होता तो फक्त उडवण्यात. हा प्रयोग 2005 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला.

पुढे त्यांनी सगळ्या पळवाटा बुजवल्या. बाळाचे डोळे बांधले तरी परिणाम टिकला. बाळाला न हलवता समोरचा माणूस नुसता उड्या मारताना दाखवला, तर परिणाम गेला. मोठ्यांना गुडघे वाकवून हलायला लावलं, तर त्यांचंही ऐकणं बाळांसारखंच वळलं. शरीराचा कोणता भाग महत्त्वाचा हे शोधताना डोकं पुढे आलं : डोकं हललं तर फरक पडतो, नुसते पाय हलले तर फारसा पडत नाही. शेवटी 2009 मध्ये त्यांनी कानामागे सौम्य विद्युतप्रवाह देऊन तोल सांभाळणारी नस चाळवली. माणूस हललाच नाही, पण डोकं हलल्याचा भास झाला, आणि तेवढ्यानंही लयीचा गट ठरला. तोल सांभाळणारा अवयव आतल्या कानातच, ऐकण्याच्या नळीला लागून असतो, हे इथे आठवावं.

बाळाला मांडीवर घेऊन बडबडगीत म्हणत उडवणाऱ्या आज्या नेमकं काय शिकवत असतात, ते यावरून कळतं.

हे मी स्वतः करून पाहू शकतो का?

हो. मोबाइलवर मेट्रोनोमचं कोणतंही ॲप घ्या. पहिल्या मात्रेचा वेगळा आवाज बंद करा, म्हणजे सगळे टिक सारखे होतील. वेग मिनिटाला 180 च्या आसपास ठेवा. आता दर दुसऱ्या टिकला मान खाली आणा. थोड्या वेळानं टिक दोन-दोनच्या जोड्यांत ऐकू येऊ लागतील, एक ठसठशीत आणि एक हलका. मग मान दर तिसऱ्या टिकला आणायला लागा. यंत्रानं काहीही बदललेलं नाही, पण जोर सरकलेला ऐकू येईल. मान थांबवल्यावरही तो थोडा वेळ तसाच राहतो, ते मुद्दाम अनुभवा.

हाताने ताल दिल्यावर चूक लवकर कळते का?

कळते. फियोना मॅनिंग आणि मायकेल शुट्झ यांनी, पुन्हा मॅकमास्टरमध्येच, 2013 मध्ये हे मोजलं. एकसारखे ठोके वाजत राहायचे, मग थोडा वेळ शांतता आणि त्यानंतर एक शेवटचा ठोका. प्रश्न एवढाच : हा ठोका वेळेवर पडला की नाही? निम्म्या वेळा लोकांना काठीनं पॅडवर ताल देत ऐकायला सांगितलं. शांततेतही हात चालूच ठेवायचा होता. उरलेल्या निम्म्या वेळा त्याच लोकांना हात न हलवता ऐकायला सांगितलं. ताल देताना उशिरा पडलेला ठोका जास्त अचूक ओळखता आला.

खरी मजा पुढच्या प्रयोगात आहे. तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. या वेळी 33 कसलेले तालवादक आणि 33 इतर लोक. हात चालू असताना तालवादकांची बारीक चूक पकडण्याची ताकद इतरांपेक्षा जास्त वाढली. अपेक्षितच. पण हात न हलवता नुसतं ऐकायला बसवलं, तेव्हा तालवादक आणि बाकीचे यांच्यात फरकच उरला नाही. संशोधकांनाही याचं आश्चर्य वाटलं. वर्षानुवर्षं रियाज केलेल्या माणसाचा हात काढून घेतला, तर या कामापुरता त्याचा कान शेजाऱ्याच्या कानाइतकाच.

सगळे प्रयोग असंच सांगत नाहीत. नुसत्या ऐकण्यातही संगीतकार सरस ठरलेले अभ्यास आहेत. तरी मला हा निकाल मोलाचा वाटतो, कारण 'कान तयार होतो' असं आपण सर्रास म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात पुष्कळदा हात आणि कान यांची जोडी तयार झालेली असते.

मग आपल्या टाळी-खालीचं काय? ती फक्त मोजण्यासाठीच असते ना?

मोजण्यासाठीच, पण मोजणं म्हणजे काय ते वरच्या उत्तरांनंतर वेगळं दिसायला लागतं. हिंदुस्थानी संगीतात तालाची रचनाच हालचालीत बांधलेली आहे. त्रितालाच्या सोळा मात्रांत 1, 5 आणि 13 वर टाळी आणि 9 वर खाली. खालीला हात हवेत उघडतो, आवाज करत नाही. म्हणजे आवर्तनाच्या ऐन मध्यावरची खूण ही ऐकू न येणारी, फक्त हातानं जाणवणारी आहे. तबल्यावर त्या भागात डग्ग्याची घुमारी नाहीशी होते आणि बोल 'धिं'चे 'तिं' आणि 'धा'चे 'ता' होतात, ते नवशिक्याच्या कानाला सहसा पहिल्यांदा निसटतं. हातानं खाली दाखवायला लागलं की महिन्याभरात कानालाही ती गैरहजेरी ऐकू यायला लागते.

रूपक तर याहून गमतीचा. सात मात्रा, तीन-दोन-दोन, आणि समेवरच खाली. पुस्तकात वाचून हे डोक्यात शिरत नाही. हात पहिल्या मात्रेला उघडायची सवय लागली, की रूपक ऐकताना सुरुवातीची ती हलकी जागा आपोआप 'घर' वाटू लागते.

विलंबित, म्हणजे संथ, ख्यालात हालचालीची गरज सर्वांत जास्त. लागोपाठच्या दोन ठोक्यांत साधारण दोन सेकंदांहून जास्त अंतर पडलं, की माणसाची ठोक्याची जाणीव विरळ होऊ लागते. अतिविलंबित एकतालात एकेक मात्रा चार-चार सेकंदांची असू शकते. बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या वर जातं. एवढ्या अंतरावर ठोका 'जाणवत' नाही, तो उभा करावा लागतो. म्हणून तबलजी 'धागे तिरकिट'च्या जागा भरून मात्रेचे तुकडे पाडतो, आणि ऐकणारा जाणकार मांडीवर बोटांनी तेच करत असतो. पहिल्या रांगेतली ती बोटं बघा : दाद मान देते, हिशेब बोटं ठेवतात.

पढंतीचा, म्हणजे बोल तोंडानं म्हणण्याचा, उपयोग काय? वाजवायचंच आहे तर बोलून वेळ का घालवायचा?

बोलणं हीसुद्धा हालचालच आहे, जिभेची आणि ओठांची. कायदा किंवा तुकडा (तबल्यावरच्या बांधीव रचना) तोंडानं म्हणताना हातानं ताल चालू ठेवला, की दोन वेगवेगळ्या लयी एकाच शरीरात एकाच वेळी बसतात. कथकमध्ये नर्तक आधी पढंत करून मग तोच तुकडा पायानं काढतो, त्यामागे हीच सोय आहे. एकदा जिभेवर बसलेला बोल दुसऱ्याच्या वाजवण्यात स्पष्ट ऐकू येतो. न बसलेला नुसता गडगडाट वाटतो. तबल्याच्या वर्गात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं रेकॉर्डिंग ऐकताना ओठ हलवतात, त्यांना टोकू नका.

वाजवता येणाऱ्याला ऐकताना बोटं शिवशिवतात, हा भास असतो का?

भास नाही. पियानोवादकांना ओळखीची रचना नुसती ऐकवली, तरी त्यांच्या मेंदूतला बोटं हलवणारा भाग जागा होतो, असं जर्मनीत 2001 मध्ये दिसलं. पण त्यांचा रियाज वर्षांचा. म्हणून आमिर लाहाव, एलियट साल्टझमन आणि गॉटफ्रीड श्लाउग यांचा 2007 चा प्रयोग जास्त बोलका आहे. संगीताचं शिक्षण नसलेल्यांना त्यांनी अवघ्या पाच दिवसांत एक छोटी रचना ऐकून वाजवायला शिकवली. मग यंत्रात त्यांना ती रचना ऐकवली, आणि तेच स्वर वेगळ्या क्रमानं लावलेली दुसरीही. हालचालीशी जोडलेले भाग शिकलेल्या रचनेला भरघोस जागे झाले, न शिकलेलीला तेवढे नाहीत. स्वर ओळखीचे असणं पुरेसं नव्हतं. तो क्रम बोटांतून गेलेला असावा लागला.

पेटीवर एखादी चाल बसवल्यावर तीच चाल रेडिओवर लागली, की तिच्यातल्या जागा अचानक सुट्या-सुट्या दिसायला लागतात. हा अनुभव बहुतेकांना असतो.

वादकाचे हावभाव, केस उडवणं, हात उंच नेणं हा दिखावा असतो की त्यानं आवाजात फरक पडतो?

आवाजात नाही पडत, पण ऐकण्यात पडतो. मारिंबा हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, आपल्या काष्ठतरंगाच्या कुळातलं. त्याच्या वादकांत जुना वाद होता, की हात लांब, मोकळा फिरवला तर स्वर लांबतो का. एक बाजू म्हणे लांबतो. दुसरी म्हणे, काठी पट्टीवरून उठली की संपलं, नंतर हात कुठेही जाऊ दे.

मायकेल शुट्झ आणि स्कॉट लिपस्कम यांनी 2007 मध्ये नामवंत मारिंबावादक मायकेल बरिट यांना लांब आणि आखूड अशा दोन्ही हातवाऱ्यांनी स्वर वाजवायला लावून त्याचं चित्रीकरण केलं. नुसता आवाज ऐकवला तेव्हा दोन्ही स्वर सारख्याच लांबीचे वाटले. चित्र दाखवलं आणि 'चित्राकडे दुर्लक्ष करा, फक्त स्वराची लांबी सांगा' अशी सूचना दिली, तरी लांब हातवाऱ्याचा स्वर लोकांना लांब ऐकू आला. म्हणजे वादातल्या दोन्ही बाजू बरोबर निघाल्या. मारिंबावादक हवेत हात फिरवून श्रोत्याच्या डोक्यात स्वर लांबवतो.

याच जातीचं एक उदाहरण बोलण्याचं आहे. 1976 मध्ये हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी 'बा'चा आवाज आणि 'गा' म्हणणारे ओठ एकत्र जोडले. बहुतेकांना त्यातून 'दा' ऐकू आलं. युक्ती आधी सांगितली तरी ऐकू येतं ते 'दा'च.

चिया-जुंग त्साय यांनी 2013 मध्ये पियानो स्पर्धांचे तुकडे लोकांना दाखवले आणि विजेता ओळखायला सांगितलं. आवाज बंद करून नुसतं चित्र पाहणाऱ्यांनी खरे विजेते जास्त वेळा ओळखले, आवाज ऐकणाऱ्यांनी कमी. यात मुरलेले संगीतकारही होते! आंतरशालेय स्पर्धांच्या परीक्षकांनी अधूनमधून डोळे मिटावेत, एवढी सूचना मी यावरून करेन.

मैफलीत हलण्याची लाज वाटते. शांत बसलं तर आपण कमी ऐकतो का?

स्वस्थ बसूनही मेंदू आतून ताल धरतोच, पण वर पाहिलं तसं अंगही हललं तर बारकावे जास्त अचूक कळतात. त्यासाठी मान, बोट, पायाचा अंगठा, काहीही पुरेसं आहे. शेजाऱ्याला त्रास होईल इतका मोठा ताल देऊ नका, आणि गायक अनवट तालात असेल तर चुकीच्या समेवर दाद देऊ नका. बाकी हला.

सात मात्रांचा ठेका परदेशी लोकांना का झेपत नाही?

झेपतो, पण लहानपणी कानावर पडलेला असला तर सोपा जातो. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी 2005 च्या सुमारास बाल्कन प्रदेशातल्या, म्हणजे बल्गेरिया-मॅसिडोनियाकडच्या, विषम मात्रांच्या सुरावटी घेतल्या. सहा महिन्यांच्या उत्तर अमेरिकी बाळांना त्यातली लय बिघडवलेली लगेच कळली, अगदी त्यांच्याकडच्या साध्या लयीइतकीच. बारा महिन्यांच्या बाळांना परक्या लयीतला बिघाड कळेना, मोठ्यांनाही कळेना. पण त्या बारा महिन्यांच्या बाळांना दोन आठवडे घरी तसलं संगीत ऐकवलं, तर ताकद परत आली. मोठ्यांना तेवढ्या ऐकण्यानं तेवढा फायदा झाला नाही.

रूपक, झपताल, दीपचंदी असे विषम गटांचे ताल ज्या घरात वाजतात तिथलं मूल हे न शिकता शिकतं. वारीत टाळ-मृदंगाच्या पावलीत कडेवर असलेलं मूल तर दुहेरी शिकतं, कानानं आणि अंगानं.

सुराचा कान रियाजानं तयार होतो की जन्मतःच असतो?

सूक्ष्म फरक ओळखणं हे बऱ्याच अंशी सरावाचं काम आहे. क्रिस्टोफ मिशेल आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीतकार आणि संगीत न शिकलेले लोक यांची तुलना केली. संगीतकारांना इतरांपेक्षा सहा पटींहून बारीक फरक ओळखता येत होता. हे वाचून छाती दडपते. पण संगीत न शिकलेल्यांना फक्त याच एका कामाचा चार ते आठ तास सराव दिला, तेव्हा ते संगीतकारांच्या पातळीला पोहोचले. वर्षांचा रियाज आणि काही तासांचा नेमका सराव, या एका बाबतीत सारखेच.

रियाज वेगळं काही देतो : काय ऐकायचं ते कळणं. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडा. नवख्याला एकच जाड 'सा' ऐकू येतो. शिकलेल्याला त्यातच वर तरंगणारा गंधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो कल्पनेतला नाही : तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचं उपकंपन तिथे असतंच, आणि जवारी (तार घोडीला टेकते तिथली जुळणी) नीट लागलेली असली की ते उठून येतं. हा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. पेटीतल्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर जवळपास 14 भागांनी. म्हणून तानपुऱ्याशी गळा लावलेल्या गायकाला पेटीचा गंधार टोचतो आणि पेटीबरोबरच शिकलेल्याला टोचत नाही.

वाद्यानुसारही कान वळतो. ख्रिस्तो पांतेव यांच्या गटाला 2001 मध्ये दिसलं, की व्हायोलिनवादकांचा मेंदू व्हायोलिनच्या स्वराला आणि ट्रम्पेटवादकांचा ट्रम्पेटच्या स्वराला जास्त जोरानं प्रतिसाद देतो.

मुलाला तबला लावला तर गणितात गुण वाढतील का? क्लासवाले तसं सांगतात.

त्या भरवशावर फी भरू नका. जोवानी साला आणि फर्नांड गोबे यांनी 2020 मध्ये मुलांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. ज्या अभ्यासांची रचना काटेकोर होती, त्यांत अभ्यासातला किंवा बुद्धीतला फायदा जवळजवळ शून्यावर आला. संगीत शिकणाऱ्या मुलांना जास्त गुण असतात हे खरं, पण ज्या घरांना क्लास परवडतो तिथे पुस्तकं, वेळ आणि लक्षही असतं.

आवाजाच्या अगदी सुरुवातीच्या प्रक्रियेबद्दलही आता सावध बोलावं लागतं. संगीत शिकलेल्यांच्या मेंदूच्या तळाशी, ध्वनी पहिल्यांदा पोहोचतो तिथेच, प्रतिसाद जास्त स्वच्छ असतो असं वीसेक वर्षं सांगितलं जात होतं. 2025 मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून अडीचशेहून अधिक लोकांवर ते पुन्हा तपासलं, आणि संगीत शिक्षणाशी त्याचा संबंध आढळला नाही. गोंगाटात बोलणं जास्त चांगलं ऐकू येतं, या दाव्याचंही तसंच : काही अभ्यास हो म्हणतात, काही नाही.

तबला शिकल्यानं तबला येतो. लय अंगात बसते, ऐकण्यात गोडी येते. एवढ्यासाठी लावायचा असेल तर जरूर लावा.

मला ताल कळतच नाही. माझ्यात काही दोष आहे का?

बहुधा नाही. नवजात बाळांनाही ठोका जाणवतो. 2009 मध्ये युरोपातल्या संशोधकांनी झोपलेल्या, दोन-तीन दिवसांच्या बाळांना ढोलाची लय ऐकवली आणि मध्येच पहिला जोरकस ठोका गाळला. बाळांच्या मेंदूनं त्याची दखल घेतली. मोठेपणी ठोक्याबरोबर खरोखरच हलता न येणारे लोक आहेत, 2011 मध्ये मॉन्ट्रियलमध्ये असा एक तरुण नीट अभ्यासला गेला, पण ते विरळ. 'ताल कळत नाही' म्हणणाऱ्या बहुतेकांना कुणीतरी लहानपणी हसलेलं असतं आणि तेव्हापासून त्यांनी हलणं बंद केलेलं असतं. बसून ऐकण्याऐवजी चालत ऐका. पाऊल ठोक्यावर पडू लागलं की बाकीचं हळूहळू येतं.

पार्किन्सनच्या रुग्णांना ठेका ऐकवतात, ते यातलंच का?

यातलंच. पार्किन्सनमध्ये बेसल गँगलियाचं काम बिघडतं, आणि तोच भाग ठोका आतून धरून ठेवतो. म्हणून या रुग्णांना ठोक्याच्या लयीतले फरक ओळखणं जड जातं. पण बाहेरून ठळक ठोका मिळाला, तर चाल सुधारू शकते. मायकेल थॉट यांच्या गटानं 1996 मध्ये दाखवलं, की ठेक्याबरोबर चालण्याचा सराव केलेल्या रुग्णांचा वेग आणि पावलाची लांबी वाढली. हा औषधाला पर्याय नाही. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करा, कारण अशा रुग्णांना पडण्याचा धोका असतो.

आवाज कुठून येतोय हे कळायला डोकं का फिरवावं लागतं?

डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोहोचतो. हा फरक जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो, तरी मेंदूला पुरतो. पण बरोबर समोरचा आणि बरोबर मागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोहोचतो. डोकं थोडं उजवीकडे वळवलं की समोरचा आवाज डाव्या कानाच्या जवळ येतो आणि मागचा उजव्या. हान्स वालाख यांनी 1940 मध्येच हे दाखवून दिलं. घरात कुठेतरी मोबाइल वाजत असेल तेव्हा स्वतःच्या मानेकडे लक्ष ठेवा.

शाहीर कानावर हात का ठेवतात?

स्वतःचा आवाज ऐकायला. आपल्या आवाजातला तीक्ष्ण भाग तोंडातून सरळ पुढे जातो, कानाकडे कमी वळतो. हाताची ओंजळ तो परत आणते. कान पूर्ण झाकला तर वेगळंच होतं : हाडांतून येणारा आवाज मोठा होतो आणि डफ-ढोलकीचा दणका कमी होतो. सूर धरायला दोन्हीचा उपयोग आहे.

ढोल-ताशा पथकात वाजवल्यानं कान तयार होतो का?

लय नक्की तयार होते. शेकडो जणांबरोबर चालत, वाकत, एकाच हातावर येणं यापेक्षा दाट सराव मिळणार नाही. मात्र पथकातल्या ताशांच्या घोळक्यात आवाज सहज 100 डेसिबलच्या वर जातो. कामाच्या ठिकाणी दिवसाला आठ तासांसाठी 85 डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानतात, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. त्या हिशेबानं 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. सराव साधारणपणे रोज दोन-तीन तास आणि तोही गणपतीच्या आधी काही आठवडे चालतो.

केसपेशी मेल्या की परत उगवत नाहीत. आधी जातो तो वरच्या पट्टीतला बारीक आवाज, म्हणजे ताशाची कडकड आणि बोलण्यातले 'स', 'फ'. सरावानंतर कानात शिट्टी वाजत राहणं किंवा आवाज दबल्यासारखे वाटणं ही धोक्याची खूण आहे. संगीतकारांसाठीचे कानबोळे मिळतात. ते सगळ्या पट्ट्यांचे आवाज जवळपास सारखेच कमी करतात, त्यामुळे ठेका स्पष्टच राहतो. कापसाच्या बोळ्याचा फारसा उपयोग होत नाही. पथकप्रमुखांनी ताशावाल्यांना आधी द्यावेत, कारण ताशाच्या सर्वांत जवळ त्यांचे कान असतात, आणि दर अर्ध्या तासाला दहा मिनिटं सगळ्यांचे हात थांबवावेत.